अवघड गणित पुरेसं नसतं

नेहमीच्या भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड स्कॅन करून आपण यूपीआय पिन टाकतो, तेव्हा तो पिन फोनमध्येच एनपीसीआयच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट होतो. एन्क्रिप्ट करायची किल्ली सार्वजनिक, उघडायची मात्र गुप्त; म्हणून पिन इतर कुणाला वाचता येत नाही. यामागचं गणित मला फार सुंदर वाटतं, म्हणून त्याविषयीचे गैरसमज खटकतात.

गैरसमज: पद्धत गुप्त, म्हणून संदेश सुरक्षित.

वस्तुस्थिती: गुप्त फक्त किल्ली असावी, हे केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलं. १९७७ ची आरएसए पद्धत कुणीही वाचावी. तिचा पाया असा: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार संगणक चुटकीसरशी करतो. त्या गुणाकाराचे अवयव पाडणं मात्र महाकठीण. २०२० मध्ये अशा २५० अंकी संख्येचे अवयव सापडले. नेहमीच्या वापरातली संख्या ६१७ अंकी असते. हे काम अवघडच आहे, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. भरवसा आहे तो आजवर फसलेल्या प्रयत्नांवर.

गैरसमज: २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आरएसए मोडलं.

वस्तुस्थिती: संख्या मूळ आहे की नाही, एवढंच त्यांची रीत सांगते. अवयव त्यातून मिळत नाहीत.

गैरसमज: कोडं जितकं अवघड, तितकं एन्क्रिप्शन पक्कं.

वस्तुस्थिती: रचनाकार फसतात ते इथेच. दिलेल्या संख्यांपैकी कोणत्या निवडल्या की ठरावीक बेरीज येते, हे कोडं सर्वसाधारणपणे फार कठीण. मर्कल आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये त्यावर पद्धत उभारली. पण ज्याच्यासाठी संदेश, त्याला तो उघडता यायलाच हवा! म्हणून त्यांनी सोपी यादी घेऊन तिला अवघड यादीचा वेश चढवला. शमीर यांनी १९८२ मध्ये तो उतरवला. कोडं अवघडच राहिलं; त्याचा हा खास नमुना सोपा निघाला. २०२२ मध्ये ‘साइक’ या पद्धतीची तीच गत झाली. अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, क्वांटम संगणकापुढे टिकतील अशा पद्धतींच्या निवडीत चौथ्या फेरीपर्यंत पोहोचलेली ही पद्धत कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी संगणकाच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात मोडली. तिच्यामागचं मूळ कोडं सुटलं नव्हतं. ही पद्धत जी जादा माहिती उघड करत होती, ती महागात पडली.

गैरसमज: क्वांटम संगणक आला की सगळं संपलं.

वस्तुस्थिती: पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला, तर शोर यांच्या १९९४ च्या रीतीने आरएसए नक्की मोडेल. म्हणूनच निस्टने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी मानकं जाहीर केली. त्यांपैकी काही, शेकडो मितींच्या जाळीत दिलेल्या जागेला सर्वांत जवळचा बिंदू शोधण्याच्या कोड्यावर उभी आहेत. आज चोरून साठवलेला संदेश पुढे अशा संगणकाने उघडता येईल. तेव्हा वर्षानुवर्षं गुप्त राहायला हवी अशी माहिती सांभाळणाऱ्या बँका, रुग्णालयं आणि सरकारी खात्यांनी हा बदल आत्ताच सुरू करावा.