बंद पडलेला संगणक, न थांबलेले लोक

एखादे यंत्र तयार करणे कंपनीने थांबवले की पुढे त्याचे काय होते? काही वर्षे सुटे भाग मिळतात, मग दुरुस्त करणारे कमी होतात आणि शेवटी यंत्र भंगारात जाते. संगणकाच्या बाबतीत हे फारच लवकर घडते. पण १९९२ मध्ये ज्याचे उत्पादन बंद झाले असा एक घरगुती संगणक याला अपवाद ठरला आहे. त्याच्यासाठी आजही नवे खेळ लिहिले जातात, नवे भाग घडवले जातात आणि जुन्या कॅसेटी वाचवण्याची धडपड चालते. हा संगणक म्हणजे झेडएक्स स्पेक्ट्रम. त्याचा आपल्याशीही संबंध आहे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात विकला होता.

लोक एका बंद पडलेल्या यंत्राला एवढे का धरून बसले आहेत? केवळ बालपणीची आठवण म्हणून, असे उत्तर पटकन सुचते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खरे कारण समजण्यासाठी यंत्राच्या आत डोकवावे लागेल.

काटकसरीचे यंत्र

इंग्लंडमधील क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम बाजारात आणला. ४८ किलोबाइट स्मृती असलेल्या यंत्राची किंमत १७५ पौंड होती. त्या काळी ही किंमत फारच कमी मानली गेली. पडदा म्हणून घरचा टी.व्ही. आणि प्रोग्रॅम साठवायला घरचा टेपरेकॉर्डर वापरायचा. कळफलक रबराचा. मेंदू म्हणजे झेड-८० नावाचा प्रोसेसर. त्याचे घड्याळ सेकंदाला ३५ लाख ठोके देई.

झेड-८० एकूण ६५,५३६ पत्ते ओळखू शकतो. त्यातले पहिले १६,३८४ कायमस्वरूपी स्मृतीसाठी होते. तिच्यात बेसिक ही भाषा आणि यंत्र चालवणारा प्रोग्रॅम कोरलेला होता. उरलेले ४९,१५२ पत्ते वापरणाऱ्यासाठी, म्हणजेच ४८ किलोबाइट.

आता पडद्याचे गणित करून पाहू. पडद्यावर २५६ आडवे आणि १९२ उभे ठिपके होते. गुणाकार केला तर ४९,१५२. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी एक बाइट दिला असता तर सगळी स्मृती एका चित्रातच संपली असती! मग यावर उपाय काय?

उपाय असा. प्रत्येक ठिपक्यासाठी फक्त एक बिट ठेवायचा : ठिपका आहे किंवा नाही. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ६,१४४ बाइट लागले. रंगासाठी पडद्याचे आठ-बाय-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. असे चौकोन ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ होतात. प्रत्येक चौकोनाला एकच बाइट, आणि त्यात दोनच रंग : एक ठिपक्यांचा, एक पार्श्वभूमीचा. एकूण खर्च ६,९१२ बाइट, म्हणजे स्मृतीचा सुमारे सातवा भाग.

या काटकसरीची किंमतही मोजावी लागली. लाल चेंडू हिरव्या झाडाजवळून गेला की एकाच चौकोनात तिसरा रंग मावत नाही, आणि चेंडूचा रंग झाडाला ‘लागतो’. खेळ लिहिणाऱ्यांनी या मर्यादेभोवती अनेक युक्त्या शोधल्या. कोणी पात्रे एकरंगी ठेवली, तर कोणी चौकोनांच्या मापातच चित्रे आखली.

काटकसर इथेच थांबत नाही. ४८ किलोबाइटच्या यंत्रात वरच्या ३२ किलोबाइटसाठी वापरलेल्या चिप्स मुळात दुप्पट क्षमतेच्या, पण अर्धा भाग बिघडलेल्या होत्या. चांगला अर्धा भाग वापरून घेतला, बिघडलेला सोडून दिला. त्यामुळे त्या स्वस्तात मिळाल्या.

आवाजातून प्रोग्रॅम

शाळेच्या दृष्टीने सर्वांत मजेदार भाग कॅसेटचा आहे. संगणकाला लागतात शून्य आणि एक, तर कॅसेटवर साठतो आवाज. जोडणी कशी करायची?

स्पेक्ट्रमने ती अगदी सोप्या रीतीने केली. शून्यासाठी सुमारे अर्धा मिलिसेकंद लांबीची एक लहर, आणि एकसाठी जवळजवळ एक मिलिसेकंदाची लहर. संगणक फक्त दोन बदलांमधला वेळ मोजतो. वेळ कमी तर शून्य, जास्त तर एक. शून्ये आणि एक सारख्या संख्येने असतील तर एका बिटला सरासरी पाऊण मिलिसेकंद लागतो. या हिशेबाने एक पूर्ण चित्र चढायला सुमारे ४० सेकंद आणि ४८ किलोबाइट भरायला पाच मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. ज्यांनी हे यंत्र वापरले त्यांच्या कानात ती किरकिर आजही आहे.

कॅसेटवरच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. आधीच्या सर्व बाइटांवर ठरलेली एक क्रिया करून तो काढलेला असतो. वाचताना तीच क्रिया पुन्हा करायची. उत्तर जुळले नाही, तर वाचताना कुठेतरी चूक झाली आहे हे कळते. हा बाइट पुढे फार उपयोगी पडला.

कंपनी गेली, यंत्र राहिले

१९८६ मध्ये सिंक्लेअर यांनी संगणकाचा व्यवसाय अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीला ५० लाख पौंडांना विकला, आणि १९९२ मध्ये उत्पादन थांबले. तोवर ५० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली होती. शिवाय सोव्हिएत संघात हौशी मंडळींनी आणि लहान कारखान्यांनी ‘लेनिनग्राड’, ‘पेंटॅगॉन’ अशा नावांच्या नकला केल्या होत्या. यंत्राचा आराखडा समजण्याइतका साधा होता, म्हणूनच हे शक्य झाले.

पुढचे काम हौशींनी तीन अंगांनी केले. पहिले, नक्कल करणारे प्रोग्रॅम, ज्यांना एम्युलेटर म्हणतात. आजचा संगणक झेड-८० ची प्रत्येक आज्ञा वाचतो आणि तिचा परिणाम आपल्या स्मृतीत घडवतो. त्यामुळे जुना प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो. त्यासाठी मूळ कायमस्वरूपी स्मृतीतला मजकूर लागतो आणि त्याचा हक्क अ‍ॅमस्ट्रॅडकडे होता. १९९९ मध्ये कंपनीने एम्युलेटरसोबत तो वाटायला परवानगी दिली. अशी उदारता क्वचित दिसते.

दुसरे, कॅसेटींचे जतन. कॅसेट संगणकाला जोडून आवाज नोंदवायचा, त्यातून बिट वेगळे करायचे, आणि पडताळणीचा बाइट जुळतो का हे पाहायचे. आवाज खरखरीत असला तरी चालते. लांब आणि आखूड लहर वेगळी ओळखता आली की बिट नेमके परत मिळतात. गाण्याची जुनी कॅसेट उतरवली तर खरखरही उतरते. प्रोग्रॅम मात्र मूळ होता तसाच मिळतो.

तिसरे, यंत्राची पुनर्बांधणी. स्पेक्ट्रममध्ये यूएलए नावाची एक खास चिप होती. पडदा, कळफलक, कॅसेट आणि आवाज ही सगळी कामे तीच सांभाळी. ही चिप फेरांटी कंपनी बनवत असे. ती मिळेनाशी झाल्यावर बिघडलेली यंत्रे निकामी ठरू लागली. तेव्हा क्रिस स्मिथ या अभियंत्याने चिपचे आवरण काढून घेतलेल्या छायाचित्रांवरून तिची मंडले उलगडली आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे २०१७ मध्ये हौशींनी वर्गणीतून सात लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली आणि ‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ हा नवा संगणक घडवला. २०२० मध्ये तो लोकांच्या हाती आला. २०२४ मध्ये झायलॉग कंपनीने झेड-८० च्या मूळ मालिकेच्या मागण्या घेणे थांबवले. पण त्या चिपचे वागणे इतके तपशिलात नोंदले गेले आहे की आता दुसऱ्या चिपवर ते उभे करता येते.

म्हणजे हे यंत्र टिकले ते कोणा मोठ्या संस्थेमुळे नव्हे. एक माणूस संपूर्ण समजू शकेल एवढेच ते मोठे होते, आणि ज्यांना समजले त्यांनी ते लिहून ठेवले, इतरांना सांगितले. ज्ञान वाटले गेले म्हणून वस्तू वाचली.

आपल्या कपाटातले काय?

आपल्याकडे १९८४ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यात देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. ते एकॉर्न या इंग्लिश कंपनीचे. याच कंपनीने १९८५ मध्ये एआरएम प्रोसेसर घडवला, आणि आज आपल्या खिशातल्या मोबाइलचा मेंदू त्याच घराण्यातला आहे. बीबीसी मायक्रोलाही जगभर असेच जपणारे लोक आहेत.

पण आपल्या शाळांमधल्या त्या यंत्रांसाठी एखाद्या शिक्षकाने गणिताचा किंवा भूगोलाचा प्रोग्रॅम लिहिला असेल, तर त्याची कॅसेट किंवा चकती आज कुठे असेल? पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, चुंबकीय थर सुटू लागतो. परदेशी खेळांच्या हजारो प्रती होत्या, त्यातली एखादी वाचतेच. शिक्षकाने लिहिलेल्या प्रोग्रॅमची प्रत एकच असते. ती गेली की आपल्या शाळांनी संगणकाशी केलेल्या पहिल्या ओळखीचा एक पुरावा गेला. म्हणून जुने सामान निर्लेखित करताना कॅसेटी, चकत्या आणि हाताने लिहिलेल्या वह्या बाजूला काढून ठेवाव्यात. कॅसेट असेल तर तिचा आवाज आधी मोबाइलवर किंवा संगणकावर नोंदवून घ्यावा. त्यातून बिट काढण्याचे काम नंतरही करता येईल.

वर्गात करून पाहा

भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीसारख्या गावच्या शाळेतही हे सहज जमेल. मुलांचे दोन गट करा. एक टाळी आणि लगेच दुसरी म्हणजे शून्य. एक टाळी आणि मनात दोन मोजून दुसरी म्हणजे एक. पहिल्या गटाने आठ बिटांचा एक आकडा ‘वाजवायचा’, दुसऱ्याने तो लिहून घ्यायचा. शेवटी पडताळणीसाठी नववा बिट जोडा : आठांमध्ये ‘एक’ विषम वेळा आले तर एक, नाहीतर शून्य. मग मुद्दाम एक बिट चुकवा आणि चूक पकडली जाते का पाहा. दोन बिट एकदम चुकवले तर काय होते, हेही मुलांनाच शोधू द्या.

शाळेत संगणक असेल तर स्पेक्ट्रमचा एम्युलेटर चालवून ‘पोक २२५२८, १६’ ही आज्ञा द्या. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला एक चौकोन लाल होईल. २२५२८ हा रंगांच्या ७६८ बाइटांपैकी पहिल्याचा पत्ता. लाल रंगाचा क्रमांक २, आणि पार्श्वभूमीसाठी त्याला आठाने गुणायचे. आता हिरव्याचा क्रमांक ४ आहे एवढेच सांगा, आणि शेजारचा चौकोन हिरवा करायला काय लिहावे हे मुलांना विचारा.