खानदेशातला रानमुक्काम

तापीचे खोरे दोन डोंगररांगांच्या मध्ये पसरले आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. मधली काळी जमीन कापूस, केळी, ज्वारी आणि बाजरीखाली आहे. जंगल उरले ते दोन्ही कडांना. त्यामुळे जळगाव-धुळे भागात रानात राहायचे, तर खोऱ्याच्या मधोमध जागा सापडत नाही. एक तर उत्तरेची कड गाठावी लागते, नाही तर दक्षिणेची.

उत्तरेकडे यावल अभयारण्य आहे. १९६९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर असून पाल हे त्याचे प्रवेशद्वार मानले जाते. सावदा-फैजपूरच्या केळीबागा मागे टाकून रस्ता खिरोद्यापुढे डोंगरात शिरतो आणि सागाच्या रानातून पालला पोचतो. सुकी नदी आणि तिच्यावरचे गारबर्डी धरण याच भागात आहे. पश्चिमेला, शिरपूर तालुक्यात, १९८६ मध्ये घोषित झालेले अनेर धरण अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र ८२.९४ चौरस किलोमीटर. दक्षिणेच्या कडेवर जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत मिळून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य पसरले आहे. तेही १९८६ चेच. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवरचे पाटणादेवी हे त्याचे खानदेशाकडचे दार. धुळेकरांना सर्वांत जवळचे रान म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गालगतचे लळिंगचे कुरण. तोरणमाळही १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे.

मुक्कामाची जुनी वहिवाट

हौसेखातर रानात राहणे ही अलीकडची गोष्ट. कामासाठी राहणे मात्र फार जुने. साक्री भागातले ठेलारी मेंढपाळ पावसाळा संपला की कुटुंबकबिल्यासह बाहेर पडतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढ्यांचा कळप आणि रात्री मोकळ्या शेतात मुक्काम, असा त्यांचा आठ महिन्यांचा संसार. त्यांच्या तळाला वाडा म्हणतात. मेंढ्या शेतात बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसा.

सरकारी मुक्कामाची परंपरा वनखात्यापासून सुरू होते. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानभरासाठी वनखाते स्थापन झाले. अधिकाऱ्यांना महिनोन्‌महिने जंगलात फिरती करावी लागे. सुरुवातीला बैलगाड्यांवर तंबू लादून हिंडणे होई. पुढे ठरावीक अंतरावर बंगले उभे राहिले: जाड भिंती, पुढे रुंद ओसरी, मागे वेगळे स्वयंपाकघर, जवळ विहीर. यावल अभयारण्यात पाल, लंगडा आंबा आणि करंजपाणी इथली विश्रामगृहे याच परंपरेतली. लळिंगच्या लांडोर बंगल्याला तर सामाजिक इतिहासात जागा आहे. न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ३१ जुलै १९३७ रोजी तिथे मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे मोठा जनसमुदाय जमतो.

बंगला, तंबू आणि कॅराव्हॅन

आज मुक्कामाचे तीन प्रकार दिसतात. पहिला विश्रामगृहाचा. खोली पक्की असते, पण वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. खानसामा असला तर शिधा आपण नेऊन द्यायचा, ही जुनी रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

दुसरा तंबूचा. वनखात्याने किंवा स्थानिक समितीने उभारलेले कायम तंबू वेगळे आणि पाठीवर नेलेला दोन माणसांचा तंबू वेगळा. पहिल्यात खाट आणि मोरी मिळते, दुसऱ्यात जागा निवडण्याचे स्वातंत्र्य. मात्र अभयारण्यात ते स्वातंत्र्य नेमून दिलेल्या जागेपुरतेच असते.

तिसरा प्रकार कॅराव्हॅनचा, म्हणजे बिछाना, छोटे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह असलेल्या गाडीचा. युरोपात आणि अमेरिकेत झाडीतल्या शांत तळावर अशी गाडी लावून राहणे हा मध्यमवर्गाचा नेहमीचा सुटीचा बेत आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात कॅराव्हॅन आणि ती उभी करण्याचे कॅराव्हॅन पार्क अशा दोन्हींचा विचार आहे. अशा पार्कमध्ये सपाट जागा, वीजजोडणी, पिण्याचे पाणी आणि गाडीतले सांडपाणी रिकामे करण्याची सोय लागते. यातली शेवटची सोय सर्वांत महत्त्वाची. स्वच्छतागृहाची टाकी ओढ्यात किंवा झाडीत सोडून दिली, तर खालच्या वस्तीचे पाणी नासते. खानदेशातले घाटरस्ते आणि कच्चे वनरस्ते पाहता मोठी गाडी जंगलात नेण्यापेक्षा पायथ्याच्या कृषी पर्यटन केंद्रात किंवा ओळखीच्या मळ्यात परवानगीने उभी करावी आणि तिथून रानात जावे, हे व्यवहार्य ठरते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा सातपुड्याच्या पायथ्याने जातो. त्यामुळे अशा तळासाठी हा पट्टा सोयीचा आहे.

ऋतूचा हिशेब

खानदेशातले जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, धावडा, सालई, अंजन, पळस, मोह, तेंदू, खैर ही इथली मुख्य झाडे. याचा थेट परिणाम मुक्कामावर होतो. पावसाळ्यात हिरवेगार असलेले रान फाल्गुन-चैत्रात उघडे पडते. ज्या सागाखाली डिसेंबरात गर्द सावली असते, तिथेच एप्रिलमध्ये ऊन थेट तंबूवर येते. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नायलॉनच्या तंबूत दुपारी बसवतही नाही. अंजनाला पालवी उन्हाळ्यात लवकर फुटते. म्हणून त्या दिवसांत अंजनाची झाडी हाच काय तो आसरा असतो.

पावसाळ्यात पाटणादेवीचे धवलतीर्थ आणि केदारकुंड हे धबधबे वाहतात, डोंगरी नदी भरते आणि गर्दीही तेव्हाच होते. पण वनरस्ते चिखलाने बंद पडतात, नाले अचानक चढतात आणि जमीन ओली राहते. दिवसभराची सहल करायला हा ऋतू चांगला, रात्र काढायला नाही. मुक्कामाचे खरे दिवस दिवाळीपासून होळीपर्यंतचे. नोव्हेंबरात ओढ्यांना पाणी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खालीही उतरते. तेव्हा अंगावरच्या पांघरुणाइतकेच अंगाखालचे अंथरूण जाड लागते, कारण गारठा जमिनीतून चढतो. फेब्रुवारीत पळस फुलायला लागतो, पाणवठे आटू लागतात आणि उरलेल्या पाण्यावर जनावरे दिसण्याची शक्यता वाढते.

जागा कशी निवडावी

कोरड्या नाल्याची वाळू मऊ आणि सपाट असते. नवख्याला तंबू तिथेच ठोकावासा वाटतो. पण अवकाळी पाऊस वर डोंगरात पडला, तर खाली आभाळ कोरडे असतानाही नाल्याला लोंढा येतो. म्हणून जागा नाल्याच्या काठापासून दूर आणि चढावर हवी. पाणवठ्याजवळचीही नको. रात्री तिथे पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाट माणसाने अडवली, तर ती तहानलेली परत जातात.

जमिनीचा पोतही पाहावा लागतो. काळ्या मातीत मेखा सहज जातात, पण थोडा पाऊस झाला की सगळा तळ चिकट होतो. शिवाय उन्हाळ्यातल्या तिच्या भेगांत विंचू दडतात. मुरमाड जमिनीत पाणी साचत नाही. तिथे अॅल्युमिनियमची मेख मात्र वाकते. अशा ठिकाणी लोखंडी मेख घ्यावी, जागेवर तांब्याभर पाणी ओतून थोडा वेळ थांबावे आणि मेख तंबूच्या उलट दिशेला तिरपी ठोकावी. दगड आडवा आला तर वीतभर सरकून दुसरी जागा शोधणे बरे.

मग वर पाहावे. सालईची वाळकी फांदी वाऱ्याने सहज मोडते. उंच झाडांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळ असते. धूर किंवा उग्र अत्तर यांनी माश्या खवळतात. झोपताना तंबूची चेन पूर्ण लावलेली असावी, कारण मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना घडतात. पहाटे बूट झटकल्याशिवाय पाय घालू नये.

चूल आणि भरीत

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात आग लावणे किंवा आग लागेल असे काही करणे हा गुन्हा आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनखाते वणव्याचा हंगाम मानते आणि त्यापूर्वी जंगलात जाळरेषा काढते. सागाच्या वाळल्या पानांचा थर एका ठिणगीने पेटतो. त्यामुळे शेकोटी आणि सिगारेट दोन्ही वर्ज्य. स्वयंपाक नेमल्या जागी, गॅसवर.

चुलीची हौस रानाबाहेर, मळ्यात भागवता येते, आणि खानदेशात तिची रीत ठरलेली आहे. हिवाळ्यात मोठी, फिकट हिरवी भरताची वांगी बाजारात आली की शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजतात. साल काढून ती लाकडी बडगीत ठेचतात. तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात त्यात पडते. जोडीला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी. पायथ्याच्या मळ्यात कॅराव्हॅन किंवा तंबू लावणाऱ्याला हे जेवण यजमानाच्या घरून मिळू शकते आणि त्याचे चार पैसे गावात राहतात.

शांतता कशासाठी

सातपुड्यात बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय, भेकर, रानडुक्कर आहेत. वाघही आहे. मुक्ताईनगर तालुक्यातल्या मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्रात तो जंगलाला लागलेल्या केळीबागांतही वावरतो. मुक्कामाला आलेल्याला यांपैकी बहुतेक प्राणी दिसत नाहीत, ऐकू येतात. भेकराचे भुंकणे, रातव्याची एकसुरी टकटक आणि पहाटे मोराची केका हा रात्रीचा क्रम लाऊडस्पीकर लागला की तुटतो.

या रानाचा सर्वांत मोलाचा रहिवासी फार लहान आहे. रानपिंगळा हे जेमतेम वीतभर उंचीचे घुबड. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना आणि तो नामशेष झाल्याचे अनेक जण धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. हा पक्षी दिवसाउजेडी वावरतो आणि सकाळच्या उन्हात सागाच्या उघड्या फांदीवर बसलेला दिसतो. त्याला भुलवण्यासाठी मोबाइलवर आवाज वाजवणे टाळावे. त्या आवाजाने जोडी घरटे आणि पिल्ले सोडून विचलित होते.

परवाना, गाव आणि कचरा

अभयारण्यात प्रवेश आणि मुक्काम परवान्याशिवाय करता येत नाही. पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास अशा कारणांसाठी परवाना मिळतो. विश्रामगृहाचे आरक्षण संबंधित वन कार्यालयात आधी करावे लागते आणि नाक्यावर गाडीची नोंद होते. वन्य प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांवरही वन्यजीव संरक्षण अधिनियमाने बंदी आहे.

जंगलात माणसे राहतात, हेही पाहुण्याने लक्षात ठेवायचे असते. सातपुड्यात पावरा, बारेला, भिल्ल आणि तडवी, तर साक्रीकडे कोकणा समाजाच्या वस्त्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखाली पसरलेली फुले हे कुणाचे तरी वर्षाचे उत्पन्न असते. त्यावर गाडी उभी करू नये. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात फोटो काढायचा, तर आधी विचारावे. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ११०० एकर जंगल राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथल्या वनभाजी महोत्सवात महिला रानातल्या शंभराच्या घरातल्या भाज्या शिजवून मांडतात. गावाने राखलेले रान आणि गावाच्या हातचे जेवण एकत्र आले, की पर्यटनाचा पैसा आपोआप जंगल राखण्याच्या कामी येतो.

निघताना प्लास्टिक, बाटल्या आणि उरलेले अन्न सोबत परत न्यायचे. अन्न मागे ठेवले, तर माकडे आणि रानडुकरे तळावर येण्याची सवय लावून घेतात आणि त्याचा त्रास पुढच्या मुक्कामाला व गावच्या शेतीला होतो. मेखांचे खड्डे बुजवावेत, दोऱ्या सोडवून घ्याव्यात आणि नाक्यावर बाहेर पडल्याची नोंद करावी. ती झाली नाही, तर मुक्कामी अजून आतच आहेत असे समजून वनरक्षकाला शोधाला निघावे लागते.