जिवंत प्रवाळ : ओळख, भाव आणि कायदा

भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, करमाळा या उजनीकाठच्या भागाला मासळीचा धंदा नवा नाही. १९८० साली धरण पुरे झाले. तेव्हापासून चिलापी, कटला, रोहू यांच्या लिलावावर इथली कित्येक घरे चालतात. आता काही होतकरू तरुण खाण्याच्या माशांबरोबर शोभेचे मासेही ठेवू लागले आहेत. गोल्डफिश, गप्पी, एंजल हा माल खपतो, पण नफा थोडा. मग मुंबई-चेन्नईचा एखादा पुरवठादार फोनवर फोटो पाठवतो, ‘समुद्री टाकी ठेवा, जिवंत प्रवाळ ठेवा, एका तुकड्याला हजारो रुपये मिळतात,’ असे सांगतो आणि निम्मी रक्कम आगाऊ मागतो. अशा वेळी काय पाहावे, काय विचारावे, यासाठी हा लेख.

प्रवाळ म्हणजे आपण ज्याला मूंगा किंवा मरजान म्हणतो त्याच्याच गोतावळ्यातला समुद्री जीव. सूरह रहमानमध्ये मोत्याबरोबर मरजानचा उल्लेख आहे, म्हणून नाव आपल्या कानाला ओळखीचे आहे. अंगठीतला लाल मूंगा हा मात्र वेगळा धंदा. त्याविषयी इथे बोलायचे नाही.

भावाच्या आधी ओळख, आणि ओळखीत पहिला प्रश्न एकच : खाली दगड आहे की नाही? काही प्रवाळ आपल्या अंगाखाली चुन्याचा कठीण सांगाडा बांधतात. समुद्रातले मोठमोठे खडक यांच्यापासूनच बनतात. आपल्या देशात हे सर्व खडक बांधणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. काळे प्रवाळ, नळीसारखे लाल सांगाड्याचे प्रवाळ, अंगाला लागले की आग करणारे ‘फायर कोरल’ आणि पंख्याच्या आकाराचे ‘सी फॅन’ हेही त्याच यादीत आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघ ज्या यादीत, त्याच यादीत हा माल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे चालत नाही.

फसगत होते ती इथेच. बाजारात हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन या नावांनी जे प्रवाळ येतात ते पाण्यात फुललेल्या मऊ झुपक्यासारखे दिसतात. विकणाराही त्यांना ‘सॉफ्ट’ म्हणून मोकळा होतो. झुपका आत ओढला गेला की खाली दगडी कप्पे दिसतात. फ्लॉवरपॉट, ब्रेन, प्लेट यांचेही तसेच. वर मांस, खाली दगड. फोटोत झुपका दिसतो, बूड दिसत नाही. म्हणून बुडाचा फोटो मागितल्याशिवाय पुढे बोलू नये. बूड दगडी निघाले तर सौदा तिथेच संपला, भाव कितीही स्वस्त असो. ‘माल परदेशातला आहे, आपला नाही,’ असे कोणी म्हणाले तरी तोंडी शब्दावर जाऊ नये. दगडी प्रवाळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला ‘साइटीस’ कराराचा परवाना लागतो, आणि त्या यादीतला जिवंत जीव बाळगणाऱ्याने सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी असे २०२४ चे नियम आहेत. लहान दुकानदाराने या फंदात पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा कायदा कागदावरचाच नाही. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवरचे प्रवाळ आले, तेव्हा महानगरपालिकेलाही २०२० साली परवानगी काढून, तज्ज्ञांकरवी ते दुसरीकडे हलवावे लागले. महापालिकेला जिथे परवानगी घ्यावी लागते तिथे तुमची-आमची काय गोष्ट!

मग उरते काय? बिनदगडाचे मऊ प्रकार उरतात. मशरूम हा चपट्या चकतीसारखा, खडकाला चिकटलेला. झोअँथिड म्हणजे एका सालीवर उगवलेली बटणाएवढी फुले. लेदर हा रबरासारखा, भूछत्राच्या किंवा बोटांच्या आकाराचा. झेनिया मुठी उघडझाप करतो आणि गवतासारखा वाढतो. हे प्रकार त्या अनुसूचीत नावाने नाहीत. तरीही ते कुठून आले हे विचारावेच लागते. जामनगरजवळचे कच्छच्या आखातातले आणि तामिळनाडूतले मन्नारच्या आखातातले सागरी उद्यान संरक्षित आहे. तिथून काहीही उचलणे गुन्हाच. टाकीत वाढवलेला तुकडा ओळखता येतो. तो ज्या छोट्या गोल बैठकीवर लावलेला असतो त्या बैठकीवर त्याची साल पसरलेली असते. उलट बुडाशी ताजा डिंक आणि कापलेली कड दिसली तर माल नुकताच कुठून तरी तोडून आणलेला समजावा. पुरवठादाराकडून बिल घ्यावे, आणि त्यावर ‘समुद्री माल’ असे मोघम न लिहिता प्रकाराचे नाव लिहून घ्यावे.

एक सूचना जिवाची आहे. झोअँथिडच्या काही जातींत अतिशय जहाल विष असते. त्यांना हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नये. त्यांचा खडक गरम पाण्यात टाकू नये, खरडू नये. त्या वाफेने घरची माणसे दवाखान्यात गेल्याची उदाहरणे परदेशात घडली आहेत.

आता रंग आणि भाव. कपडा घेणारा जाणता गिऱ्हाईक थान उचलून दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेतो, कारण ट्यूबलाइटखालचा रंग हा खरा रंग नव्हे. प्रवाळात हीच गोष्ट दसपट आहे. निळ्या एलईडी दिव्याखाली पुष्कळ प्रवाळ आपोआप हिरवे-केशरी चमकतात. त्यात फोटोवर कारागिरी केली की साधा मशरूम ‘दुर्मिळ’ होतो. म्हणून पांढऱ्या उजेडातला व्हिडिओ मागावा, फोटो नव्हे. फार फिका किंवा पांढरा पडलेला तुकडा ‘नवा रंग’ म्हणून विकला जातो. बहुतेक वेळा तो आजारी असतो. त्याच्या अंगात राहणारे आणि त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शेवाळ निघून गेलेले असते. भडक पिवळा माल कधी कधी चक्क रंगवलेला असतो.

भाव कसा लावतात तेही पाहा. मशरूम नगावर, झोअँथिड फुलांच्या मोजणीवर, लेदर आकारावर विकला जातो. त्यावर विक्रेत्याने दिलेल्या नावाची किंमत चढते. ही नावे शास्त्राची नसतात, दुकानाची असतात. अमेरिकेत ‘बाउन्स मशरूम’ नवा होता तेव्हा एका नगाला हजार डॉलरच्या वर भाव गेला. पण मशरूम आपोआप फुटून वाढतो. ज्याने एक घेतला त्याच्याकडे काही महिन्यांनी तीन होतात, आणि तोही विकायला बसतो. सोलापूरच्या चादरीचे नवे डिझाइन निघाले की चार महिन्यांत त्याची नक्कल दुसऱ्या मागावर निघते, तसाच हा प्रकार. तेव्हा जो माल झपाट्याने वाढतो त्याचा चढा भाव धरून साठा करू नये. झेनिया तर ओळखीच्या गिऱ्हाइकाला फुकट दिलेला बरा.

आपला खर्च काढताना मेलेल्या मालाचा हिशेब आधी करावा. समजा दहा तुकडे १०,००० रुपयांना घेतले, वाहतूक १,५०० रुपये झाली. प्रवासात आणि पहिल्या आठवड्यात तीन मेले. उरलेले सात दोन महिने सांभाळताना वीज, मीठ, पाणी मिळून २,८०० रुपये गेले. एकूण १४,३०० रुपये, म्हणजे प्रत्येक तुकडा २,०४३ रुपयांना पडला, हजाराला नव्हे. नफा यानंतर. पुष्कळजण हजारावर दीडहजार भाव लावून खूश होतात आणि वर्षाअखेरीस भांडवल कुठे गेले ते शोधत बसतात.

आपल्या भागात हा सांभाळण्याचा खर्च जास्तच येतो. उजनीचे पाणी पुणे-पिंपरीचे सांडपाणी पोटात घेऊन येते. त्यातले नायट्रेट-फॉस्फेट टाकीत शेवाळ माजवते आणि प्रवाळ दबून जाते. विहिरी-बोअरचे पाणी जड. म्हणजे आरओ आलाच, आणि त्यात एका लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जाते. समुद्राइतके खारे करायला लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ लागते, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलोच्या पुढे; खाण्याचे मीठ चालत नाही. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचे आणि बाहेर सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. चिलर घेतला तर विजेचे बिल, नाही घेतला तर मे महिन्यात टाकी रिकामी. वीज गेल्यावर पाणी हलते ठेवायला बॅटरीवरचा पंप हवाच. हे सर्व गिऱ्हाइकालाही आधी सांगावे. नाहीतर महिनाभरात तो मेलेला माल घेऊन दुकानात उभा राहतो.

पाण्यातला न पकडलेला मासा विकणे फुकहा जायज मानत नाहीत, कारण त्यात गरर आहे. फोटोवर आगाऊ पैसे देऊन घेतलेल्या प्रवाळाचा नेमका मसअला उलमांना विचारावा, पण सावधगिरी तीच आहे. ‘जिवंत पोहोचला तरच पैसे’ अशी अट लेखी घ्यावी. पिशवी उघडण्यापूर्वी व्हिडिओ काढावा. आलेला माल दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच विक्रीला काढावा, आणि ऐब असेल तर दाखवून विकावा.

टाकीतले नको झालेले मासे धरणात सोडू देऊ नयेत, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. प्रवाळ गोड्या पाण्यात जगत नाही, पण सकर मासा जगतो. हौशी लोकांच्या टाक्यांतून सुटलेला हा मासा आज उजनीत आहे, आणि जाळी फाडून आपल्याच मच्छीमारांचे नुकसान करतो.

शोकेसमध्ये ठेवायला मिळणारे पांढरे वाळलेले प्रवाळ, ‘इंद्रजाल’ म्हणून विकली जाणारी काळी वाळकी फांदी, आणि काळ्या प्रवाळाची, ज्याला अरब ‘युस्र’ म्हणतात त्याची तस्बीह, यांनाही कायदा लागतो. जीव मेलेला असला तरी. तस्बीह ओवणाऱ्या कारागीर बंधूंनी खजुराची बी, लाकूड आणि अकीक यावर काम करावे. त्यात मागणी कमी नाही.