मंगफच्या गॅलरीसाठी जुना गुलाब कोणता?

लेखमाला : गुलाबांची जुनी कुळं – लेखांक ४

जुना गुलाब कशाला म्हणायचं, हे मागच्या लेखांकात ठरलं. १८६७ मध्ये ‘ला फ्रान्स’ आला. तो पहिला हायब्रिड टी मानतात आणि त्याआधी बागांत रुळलेली कुळं ती जुनी. यातलं मंगफमध्ये काय तगेल, हा आजचा विषय. माझं सांगणं एवढंच, की फुलाचा फोटो बाजूला ठेवा, कूळ विचारा.

मंगफ समुद्राला खेटून आहे. पाऊस वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर. उन्हाळा कसा, तर कुवेतच्याच मित्रिबाहला २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंशांची नोंद झाली.

आखातात गुलाब म्हटलं की आधी आठवतो ताइफचा दमास्क. आपल्याकडचा चैती गुलाब त्याच कुळातला. सुगंधात त्याची बरोबरी क्वचितच कुणी करेल. पण ताइफ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, ओमानचा जबल अख्दरही डोंगरच. दमास्कचा एक पूर्वज मध्य आशियातल्या पहाडांतला. थंडी अंगात मुरली की वसंतात तो एकदाच बहरतो. मंगफचा सौम्य हिवाळा त्याला पुरत नाही. त्याला भेटायला वसंतात ताइफलाच जावं.

चिनी गुलाबांचं तसं नाही. बहर थांबवणारं जनुक त्यांच्यात निकामी आहे, त्यामुळे नवी फूट आली की कळी येते. त्यांना थंडीची वाट पाहावी लागत नाही. त्यांचे सोयरे टी गुलाबही उबदार हवेचे. १८०९ मध्ये कॅन्टनहून इंग्लंडला गेलेला ‘ह्यूम्स ब्लश’ यांतलाच. इंग्लंडच्या थंडीत टी गुलाब काकडले. मंगफच्या डिसेंबरात मात्र ते खुशीत राहतील.

दमास्कचा वास आणि चिनी गुलाबाचा बारमाही बहर एकत्र आले हिंदी महासागरातल्या बूर्बाँ, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावर. तिथे कुंपणाला लावलेल्या दोन जातींचा आपोआप संकर झाला आणि १८१९ च्या सुमारास त्याचं बी फ्रान्सला पोचलं. त्याच कुळातला एडवर्ड गुलाब भारतात रुजला. उत्तर भारतात त्याच्या खुंटावर डोळे भरले जातात, तमिळनाडूत तो ‘पन्नीर रोजा’ म्हणून हारांत ओवतात. गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचं हे फूल सकाळी ऊन चढण्याआधी हुंगावं. माझी पहिली शिफारस त्याचीच.

आता लागवड. कुंडी मोठी आणि फिक्या रंगाची हवी, जागा पूर्वेच्या उन्हाची. पश्चिमेच्या भिंतीपाशी मुळं शिजतात. लावायचं आणि छाटायचं ऑक्टोबरच्या शेवटी, उकाडा ओसरल्यावर. टी आणि चिनी गुलाबांची छाटणी हलकी ठेवा. त्यांचा साठा जुन्या फांद्यांत असतो. उन्हाळ्यात कात्री लावूच नका, पानांची सावलीच फांद्यांना वाचवते. धुळीचं वादळ येऊन गेलं की पहाटे पानं खालून-वरून धुवा, नाहीतर लाल कोळी धरतो. फुलं एप्रिलपर्यंत घ्या, पुढे झाड फक्त जगवायचं.

पाणी घालताना एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी वाया घालवू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि कुवेतमध्ये गुलाबाचा मोठा वैरी क्षारच आहे.

पुढील आठवड्यात : कुंडीतले क्षार कसे ओळखायचे आणि कसे धुऊन काढायचे.