‘जिन’चं नातं दारूशी नाही, इंजिनाशी

रोहण्यासारख्या कापसाच्या गावात ‘जिन’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. कापूस जिनात जातो, सरकी वेगळी निघते, रुईची गठाण बांधली जाते. मात्र या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय, असं विचारलं की तर्क सुरू होतात. नाव सारखं म्हणून तो दारूच्या जिनशी जोडला जातो, नाहीतर जीन्सच्या पँटशी. दुसरा तर्क पटण्यासारखा वाटतो, कारण कापूस दोन्हीकडे आहेच. पण या तिन्ही शब्दांची घरं वेगळी आहेत. दारूला नाव मिळालं ते ज्युनिपर या झुडपाच्या डच नावावरून, कारण त्याच्याच फळांचा वास तिला देतात. जीन्सचं कापड इटलीतल्या जिनोआ बंदराचं नाव सांगतं. कापसाचं जिन म्हणजे मात्र ‘इंजिन’ शब्दाचं सुरुवातीचं अक्षर गळून उरलेलं रूप.

इथे आणखी एक गैरसमज आडवा येतो: इंजिन म्हटलं की वाफ किंवा तेल हवंच. मूळ लॅटिन ‘इंगेनियुम’चा अर्थ उपजत बुद्धी. फ्रेंचमध्ये तिची युक्ती झाली, मग युक्तीने केलेलं यंत्र. इंग्रजीत ‘जिन’ म्हणजे युक्ती किंवा सापळा, हा अर्थ सुमारे 800 वर्षांपूर्वीचा, वाफेच्या कितीतरी आधीचा. मराठीने मात्र हा एकच शब्द दोनदा घेतला. पुलगाव–आर्वी ही अरुंद रुळांची रेल्वे रोहण्यावरून जात असे; ती कापसासाठीच टाकलेली. तिथे जिनातली रुई इंजिन ओढून नेई, आणि दोन्ही शब्द सख्खे भाऊ आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

यावर कुणी म्हणेल, शब्द बाहेरचा, म्हणजे सरकी काढण्याची कलाही बाहेरचीच. एली व्हिटनीने 1794 मध्ये अमेरिकेत जिनचं पेटंट घेतलं, हे तर शाळेतच शिकवतात. पेटंट खरं, निष्कर्ष चुकीचा. आपली लाकडी चरखी त्याच्या कितीतरी आधीची. दोन बारीक रूळ उलट दिशांनी फिरतात, तंतू त्यांच्या फटीतून पलीकडे ओढला जातो आणि जाड सरकी अलीकडेच गळून पडते. व्हिटनीच्या यंत्रात लाकडी रुळावर तारेचे दाते होते. अमेरिकेतल्या आखूड धाग्याच्या, सरकीला घट्ट चिकटलेल्या कापसाला चरखी पुरत नव्हती, म्हणून ते लागले. भारतातल्या बहुतेक जिनांत आजही दाते नसून रोलरच आहेत. चामड्याचा रोलर तंतू धरतो, पातं सरकीला अडवतं. हे सुधारलेलं यंत्रही 19व्या शतकातल्या अमेरिकी शोधावरूनच आलं, हे मान्य करायलाच हवं. पण रुळाने तंतू ओढायचा आणि सरकी मागे ठेवायची, ही युक्ती चरखीत आधीपासून होती. इंग्रजांनी चरखीला ‘जिन’ म्हटलं, तेव्हा ती इथे फिरतच होती.