होडी गाडीवर चढविताना

भारताच्या आग्नेय बाजूस पसरलेल्या कोरोमंडल किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे फार थोडी आहेत. वाळूचा लांबच लांब सरळ पट्टा आणि त्यावर अहोरात्र फुटणाऱ्या लाटा, असे या किनाऱ्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. अशा जागी होडी नांगरून ठेवणे धोक्याचे असते. त्यामुळे मासेमारी आटोपून परतलेली होडी लाटांच्या माऱ्यापासून दूर, वाळूवर ओढून घ्यावी लागते. पुष्कळदा तिला चाकांच्या गाडीवर, म्हणजे ट्रेलरवर, चढवून वस्तीपर्यंतही न्यावे लागते. एरवी या कामाला शेजारपाजारचे दहाबारा जण धावून येतात. परंतु वादळाची सूचना आली की प्रत्येकाला आपापली होडी वाचवावयाची असते, आणि मदतीला मोकळा माणूस मिळत नाही. अशा वेळी तीनचार माणसांना होडी हलविता येते की नाही, यावर त्या कुटुंबाची उपजीविका अवलंबून असते.

हे काम हलके कसे करावे, हा प्रश्न जुनाच आहे आणि त्याची उत्तरेही जुनी आहेत. तमिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके दोरांनी एकत्र बांधून तयार केलेल्या तराफ्याला ‘कट्टुमरम्’ म्हणतात. किनाऱ्यावर आल्यावर त्याचे दोर सोडीत आणि एकेक ओंडका वेगळा करून वाहून नेऊन वाळत ठेवीत. ज्या ओझ्याला अनेक हात लागले असते, त्याचे असे भाग पाडले की दोनतीन माणसे पुरत. पुढे काचतंतू व राळ यांपासून बनविलेल्या, यंत्रावर चालणाऱ्या होड्या आल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांचा प्रसार अधिकच झाला. या होड्या वेगवान आहेत. परंतु त्यांचे तुकडे करता येत नाहीत. म्हणून आता यंत्रशास्त्राचा आधार घ्यावा लागतो.

आपण एक सोपा हिशेब करून पाहू. होडीचे वजन ५०० किलो आहे आणि किनारा दर १० मीटरला १ मीटर चढतो, असे समजू. होडी २० मीटर वर न्यावयाची म्हणजे ती २ मीटर उंच उचलावयाची. या चढणीपुरता विचार केला तर ५० किलोंची ओढ पुरेशी आहे. पण कोरड्या वाळूवर होडीचा तळ घासला जातो. हे घर्षण वजनाच्या निम्मे धरले, तर त्यासाठी आणखी २५० किलोंची ओढ लागेल. म्हणजे एकूण ३०० किलोंपैकी २५० किलो, अर्थात सहांतील पाच वाटे, घर्षणापायी खर्च होतात. शिवाय त्याच घर्षणाने होडीचा तळही रोज थोडाथोडा झिजतो. ट्रॅक्टरने होडी ओढली तर माणसांचे श्रम वाचतात खरे, पण इंधन जाळूनही तळाची झीज थांबत नाही.

यावरून श्रम वाचविण्याचा पहिला मार्ग स्पष्ट होतो. ताकद वाढविण्याआधी जे वाया जाते ते थांबवावे. होडीखाली फळ्या अंथरून त्यांवर गोल ओंडके ठेवले, की घासण्याच्या जागी लोळण येते. घर्षण वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आले असे धरल्यास ओढ ३०० किलोंवरून १०० किलोंवर येते. फळ्या मात्र विसरू नयेत. त्यांच्यावाचून ओंडके वाळूत रुततात आणि फिरत नाहीत. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असते, तर वरची कोरडी वाळू भुसभुशीत असते. म्हणून फळ्यांची खरी गरज वरच्या बाजूस भासते. ट्रेलरच्या चाकांनाही हाच नियम लागू आहे. अरुंद, कडक टायर वाळूत खोल जातो. रुंद आणि कमी हवा भरलेला टायर पसरून बसतो व वाळूवर तरतो.

दुसरा उपाय इतका साधा आहे की तो सहज दुर्लक्षिला जातो. होडी आधी रिकामी करावी. ओली जाळी, मासळी, इंधनाची टाकी आणि काढता येण्याजोगे यंत्र खाली उतरवावे. तळाशी साचलेले पाणी तर आवर्जून काढावे. एक लिटर पाण्याचे वजन जवळजवळ एक किलो असते. दोन चौरस मीटर तळावर १० सेंमी पाणी उभे असेल, तर होडीत २०० किलो वजन विनाकारण बसलेले आहे असे समजावे.

लाटा सौम्य असलेल्या खाडीत किंवा तलावात तिसरा उपाय योजता येतो. तरंगणाऱ्या होडीचे सारे वजन पाणीच पेलून धरीत असते. तेव्हा ट्रेलर उताराने पाण्यात इतका न्यावा की त्याच्या मागच्या रुळांवर होडीचे पुढचे टोक अलगद टेकावे. मग होडी मध्यभागी सरकवून टोक पुढे बांधावे आणि ट्रेलर सावकाश वर घ्यावा. पाणी खाली उतरत जाते तशी होडी आपोआप गाडीवर बसते. ट्रेलर फार खोल गेला तर होडी वाकडी तरंगते. फार उथळ राहिला तर उरलेले अंतर हातांनी ओढावे लागते. लांबच्या प्रवासाने चाकांचे तुंबे तापलेले असल्यास ते निवू द्यावेत. तापलेला तुंबा एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि खारे पाणी आत शोषले जाते. काम संपल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी.

लाटा फुटणाऱ्या किनाऱ्यावर हे जमत नाही. तेथे होडी ओल्या घट्ट वाळूवर आणून मग मागून कलणारा ट्रेलर वापरावा. त्याची मागची कड जमिनीला टेकते, त्यामुळे होडी उचलावी लागत नाही. रुळांवरून ओढली की पुरते. होडीचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे सरकताच ट्रेलर आडवा होतो. हा क्षण अचानक येतो, म्हणून पुढच्या दांड्याखाली कोणीही उभे राहू नये.

इतके सर्व केल्यानंतर कप्पी व रहाट यांची पाळी येते. दोराचे चार पदर भार वाटून घेतील अशा कप्प्या लावल्या, तर १०० किलोंची ओढ तत्त्वतः २५ किलोंवर येते. कप्प्यांच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात ती काहीशी अधिक भरते. पण सवलतीची किंमत मोजावीच लागते. होडी २० मीटर हलण्यासाठी दोर ८० मीटर ओढावा लागतो. रहाटाचेही तसेच आहे. ५ सेंमी त्रिज्येच्या रुळाला ३० सेंमीचा दांडा जोडला, तर ओढ सहापट होते आणि हात सहापट अंतर फिरतो. रहाटाला उलट फिरू न देणारी खिट्टी अवश्य हवी. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा परततो. म्हणून त्याच्या रेषेत आणि चढावर होडीच्या मागे कोणी थांबू नये.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज येथे आर्किमिडीजने माल व माणसे भरलेले जहाज कप्प्यांच्या साहाय्याने एकट्याने ओढून दाखविले, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन का घटते, याचा नियमही त्याच आर्किमिडीजने सांगितला. कप्पी सर्वांच्या डोळ्यांत भरते. पाण्याची मदत मात्र दिसत नाही. होडी आणि तिचे वजन किती, हे बदलणे आपल्या हाती फारसे नसते. पण ती रिकामी करणे, पाण्याला शक्य तितका वेळ ती पेलू देणे, तिच्याखाली रूळ ठेवणे आणि अखेरीस कप्पी जोडणे, हा क्रम पाळणे आपल्या हाती असते. तो पाळला तर वादळापूर्वीच्या धावपळीत, दहा जणांची वाट न पाहता, तीन माणसेही होडी सुरक्षित जागी नेऊ शकतात.