पूर ओसरल्यावर मदत कुठे अडकते? हिंगोलीतल्या घरांसाठी, दुकानांसाठी थोडी कामाची माहिती

हिंगोली समुद्रापासून कितीतरी दूर आहे, तरी वादळाचं पाणी इथं पोहोचतं. 26 सप्टेंबर 2021 ला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. जोर ओसरला, पण त्याचा उरलेला पट्टा तेलंगणावरून मराठवाड्यावर आला आणि 27-28 सप्टेंबरला त्यानं शेतं धुऊन नेली. पुढे तोच पट्टा अरबी समुद्रात जाऊन 'शाहीन' नावानं ओमानवर आदळला. नंतर जुलै 2022 मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात आसना नदीचं पाणी घराघरांत शिरलं. 1 आणि 2 सप्टेंबर 2024 च्या पावसात कयाधू पात्र सोडून वाहिली. 2025 च्या पावसाळ्यात तर अख्खा मराठवाडाच पाण्याखाली होता.

दर वेळी पाणी उतरलं की आम्हाला एकाच प्रकारचे फोन येतात. "शेजारच्याला पैसे आले, आम्हाला का नाही?" गल्ली एक, पाणी एक, चिखलही एकच. मग यादीत एक नाव असतं आणि दुसरं नसतं. पुष्कळांना वाटतं, नाव मुसलमानाचं आहे म्हणून वगळलं. भेदभाव कुठेच होत नाही, असा आमचा दावा नाही. पण आमच्यापुढे आलेली बहुतेक प्रकरणं पाहिली तर गाडी कागदावर अडकलेली दिसते. आणि कागद आपल्याला सुधारता येतो, म्हणून आज त्याबद्दलच.

सगळ्याचं मूळ पंचनामा आहे. सरकारी मदत नुकसान झालं म्हणून मिळत नाही, पंचनाम्यात नुकसान लिहिलं गेलं म्हणून मिळते. गावात पंचनामा तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. शहरात नगर परिषदेचे लोक सोबत असतात. ते येतात तेव्हा घरात कोणी नसेल, तर घर सुटू शकतं. आपल्याकडे पाणी शिरलं की बायकापोरांना घेऊन नातेवाइकांकडे जायची रीत आहे, आणि ती बरोबरच आहे. पण घरातला एक जाणता माणूस तरी गावात थांबावा, किंवा शेजाऱ्याला सांगून ठेवावं.

साफसफाईच्या आधी फोटो काढा. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते ती फोटोत यायला हवी, आणि शक्य असेल तर घराचा नंबर किंवा दुकानाची पाटीसुद्धा. लोकेशन आणि तारीख दाखवणारा कॅमेरा फोनमध्ये असेल तर उत्तम. खराब झालेलं धान्य, भिजलेली गादी, शिलाई मशीन, फ्रीज लगेच फेकून देऊ नका. वास सुटतो, जीव घाबरतो हे कळतं. तरी निदान फोटो घेतल्याशिवाय उचलू नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या, नाहीतर घरातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला सांगा. पडलेल्या खोलीला 'अंशतः नुकसान' लिहिलं असेल तर तिथल्या तिथे बोला. एका शब्दानं रक्कम किती बदलते ते पाहा. केंद्राच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1,20,000 रुपये आहेत. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000, तेही किमान 15 टक्के पडझड असेल तर. झोपडीला 8,000, गोठ्याला 3,000. कपड्यांसाठी 2,500 आणि भांडीकुंडी, घरसामानासाठी 2,500 वेगळे, पण त्याला अट आहे: घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात असावं. पहाटे शिरून दुपारी उतरणाऱ्या पाण्याला ही अट नीट लागू होत नाही. अशा वेळी राज्य सरकार कधीकधी अट शिथिल करतं, रक्कमही वाढवतं.

म्हणून प्रत्येक पुरानंतर निघालेला शासन निर्णय, म्हणजे जीआर, वेगळा वाचावा लागतो. मागच्या वेळचा आकडा या वेळी चालतोच असं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये राज्यानं 10,000 कोटींचं पॅकेज दिलं तेव्हा जिरायतीला हेक्टरी 10,000, बागायतीला 15,000 आणि बहुवार्षिक पिकाला 25,000 होते, दोन हेक्टरपर्यंत. 7 ऑक्टोबर 2025 ला 31,628 कोटींचं पॅकेज आलं तेव्हा जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिकला 22,500 असा दर होता, मर्यादा तीन हेक्टर. रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे होते. पीक किमान 33 टक्के गेलं असेल तरच या मदतीत बसतं.

आता ज्या गोष्टीत आपली घरं सगळ्यात जास्त मागे राहतात त्याकडे येऊ. जमीन दादांच्या नावावर. दादांचा इंतकाल होऊन वीस वर्षं झाली. एक चाचा हैदराबादला, एक पुण्याला, फुफींची लग्नं होऊन गेलेली. कसतो एकच भाऊ, आणि सातबाऱ्यावर त्याचं नावच नाही. पैसे सातबारावाल्याच्या खात्यात जाणार, आणि तो तर कब्रस्तानात. नावं लागलेली असली तरी खातं सामाईक असेल तर सगळ्यांचं संमतीपत्र लागतं. पूर आल्यावर ते जमवताना लोकांची दमछाक होते, हे आम्ही पाहिलं आहे. एका घरात तर एका सहीसाठी तीन महिने गेले.

2025 मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम याचसाठी काढली: मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे देता येतो, ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची माहिती असलेलं शपथपत्र लागतं. अर्जात 'सगळे वारस' म्हणजे सगळे. बहिणींची नावं गाळून नोंद करायची सवय काही घरांत आहे. ते शरीअतमध्ये बसत नाही आणि पुढे कोर्टातही अडकतं. बहिणीला आपला हिस्सा स्वखुशीनं सोडायचा असेल तर त्याचा वेगळा रीतसर दस्त होतो. नाव गाळणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

नावाच्या स्पेलिंगचा घोळही आपल्याकडेच जास्त. सातबाऱ्यावर 'शे.', आधारवर 'शेख', बँकेत आणखी काहीतरी. मदत आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येते. यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळतो, तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा द्यावा लागतो. फार्मर आयडी काढलेला असेल तर हा फेरा बऱ्याच अंशी वाचतो. पैसे आले की बँकेनं ते जुन्या कर्जात वळते करू नयेत, असं जीआरमध्ये लिहिलेलं असतं. तरी वळते केले, तर जीआरची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शेती नसलेल्या घरांचं काय? हिंगोली, वसमत, कळमनुरीत आपले किती लोक गॅरेजवाले, फळवाले, वेल्डिंगवाले, टेलर, बेकरीवाले, चिकन-मटणवाले आहेत ते सांगायला नको. दुकानासाठी केंद्राच्या निकषात घरासारखा सरसकट ठरलेला दर नाही. राज्य वेगळा निर्णय घेतं तेव्हाच पैसे मिळतात. जुलै 2021 च्या कोकण-कोल्हापूरच्या पुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के किंवा जास्तीत जास्त 50,000 आणि टपरीधारकांना 10,000 पर्यंत मदत ठरली होती. 2025 च्या पॅकेजमध्येही दुकानदारांसाठी 50,000 पर्यंतची तरतूद होती. पण 'दुकानदार' कोण हे कागद ठरवतो. दुकानाची ऑनलाइन नोंदणी, उद्यम नोंदणी (ती फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका), भाडेकरार, वीजबिल, खाण्याचा धंदा असेल तर अन्न परवाना. यातलं काहीतरी हाताशी असावं. भाड्याच्या दुकानात मालकाचं नुकसान भिंतीचं आणि आपलं मालाचं. मालक पंचनामा करून गेला म्हणजे आपला झाला, असं समजू नका.

हातगाडीवाल्या भावांनी नगर परिषदेकडून पथविक्रेत्याचं ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र घेऊन ठेवावं. पीएम स्वनिधीचं कर्ज त्यावरच मिळतं: पहिला हप्ता 15,000, तो फेडल्यावर 25,000, मग 50,000. हे कर्ज आहे, नुकसानभरपाई नाही, आणि त्यावर व्याज लागतं. घ्यावं की नाही हा प्रत्येकाच्या दीनाचा आणि गरजेचा प्रश्न, आम्ही फतवा देत नाही. पण ते ओळखपत्र पुराच्या वेळी 'इथं माझी गाडी लागत होती' याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं, कर्ज घ्या नाहीतर नका घेऊ.

विम्याचंही तसंच. दुकानावर बँकेचं कर्ज असेल तर पासबुक काढून पाहा. मालाच्या विम्याचा हप्ता बँकेनं कापलेला असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. कापला असेल तर क्लेम हा तुमचा हक्क आहे. कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत माल हलवू नका. पाण्यात बुडालेली रिक्षा किंवा मोटारसायकल किक मारून, सेल्फ मारून चालू करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, आतले पार्ट वाकतात आणि मग कंपनी म्हणते की हे तुम्ही केलं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीचं काहीच मिळत नाही.

बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांबद्दल आपा-खालांचे फोन येतात. पुरानंतर हप्ता पुढे ढकलून मागता येतो, मात्र तो लेखी मागावा लागतो आणि व्याज चालू राहतं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीवाल्यानं यायचं किंवा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दारात उभं राहून कोणी धमकावत असेल तर तारीख, वेळ आणि माणसाचं नाव लिहून ठेवा.

एक गोष्ट लिहायला जड जाते. पुरात किंवा वीज पडून कोणी गेलं तर वारसांना 4 लाख रुपयांची मदत आहे. आपल्याकडे मय्यत लवकर दफन करायची घाई असते आणि पोस्टमार्टेमला घरचे तयार होत नाहीत. दुःख मोठं असतं, त्या क्षणी कोणाला पैशाचं सुचत नाही. पण मृत्यूचं कारण सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्याशिवाय ही मदत मिळत नाही, आणि पोलीस पंचनामा, शवविच्छेदन नसेल तर ते प्रमाणपत्र अडतं. नंतर विधवा बाई लेकरं घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढते. अशा वेळी मशिदीच्या जिम्मेदार लोकांनी घरच्यांजवळ बसून हे समजावावं आणि डॉक्टरांना लवकर मोकळं करण्याची विनंती करावी. ते बहुधा ऐकतात.

जनावरांचा नियम जवळपास असाच. शेळी-मेंढीला 4,000, दुभत्या गाय-म्हशीला 37,500, बैलाला 32,000, कोंबडीला 100 रुपये. किती जनावरांपर्यंत, ते त्या वेळच्या जीआरमध्ये पाहावं. पशुवैद्यकीय अधिकारी येऊन गेल्याशिवाय मेलेलं जनावर पुरू नका.

पडलेल्या मशिदीच्या किंवा मदरशाच्या भिंतीला घराच्या निकषात जागा नाही. ते काम जमातीलाच करावं लागतं.

यादी ग्रामपंचायतीत किंवा नगर परिषदेत लागते. नाव नसेल तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या, फोटो जोडा आणि पोचेचा शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. उत्तर आलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा: माझा पंचनामा झाला का, त्याची प्रत द्या. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे पूरग्रस्त माणसाला मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा, नाहीतर 15100 वर फोन करा. जीव धोक्यात असेल तर आधी जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, 1077.

जमातीच्या तरुणांनी रेशनचे किट वाटले, चिखल उपसला, ते आम्ही पाहिलं आहे आणि त्यांना दुआ देतो. पुढच्या वेळी किट वाटताना सोबत एक वही ठेवा. घराचा नंबर, कुटुंबप्रमुखाचं आधारवरचं नाव, काय गेलं, पंचनामा झाला की नाही. गल्लीतली सगळी घरं त्यात घ्या, आपली आणि शेजाऱ्यांचीही. पंचनाम्याला पंच म्हणून सही लागते तेव्हा तोच शेजारी कामाला येतो. ही वही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तलाठ्याच्या समोर ठेवली की सुटलेली घरं लगेच दिसतात.

वारस नोंदीला मात्र पूर येईपर्यंत थांबू नका. अर्ज दिल्यावर नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. हे कागद मे महिन्याच्या आत तलाठ्याकडे पोहोचले तर पावसाळ्यात धावाधाव करावी लागत नाही.